नागम्माबाईंच्या परसातलं पाणी

दानेश्वरी रावजीला पहिल्यांदा दिसली ती त्याचीच खुरपी हातात घेतलेली. सकाळचे साडेसात वाजले होते. नागम्माबाईंच्या बंगल्यामागे पोहण्यासाठी बांधलेला हौद होता, त्यात कित्येक वर्षांचं हिरवं पाणी साचलेलं. त्याच्या काठावर ती उकिडवी बसली होती आणि निळ्या फरशीवर चढलेला काळपट थर खुरपीच्या टोकानं खरवडून बघत होती. चाळिशीची बाई. अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, पायात पुरुषी रबरी चपला. खुरपीची मूठ रावजीनं स्वतः बाभळीचं लाकूड तासून बसवली होती आणि बंगल्यातल्या कुणीही, अगदी बाईंनीसुद्धा, ती कधी उचलली नव्हती.

"ती ठिवा खाली," रावजी म्हणाला.

"तुमची व्हय काका? हितंच पडली होती." तिनं खुरपी ओढणीला पुसली आणि मूठ त्याच्याकडे करून पुढं धरली. "धार बाकी झकास लावलीय."

हत्यार मुठीकडून द्यायचं असतं हेही हिला ठाऊक. रावजीला त्याचाच जास्त राग आला. चूक काढावी तर जागा सापडेना.

रावजी मूळचा मोहोळकडचा. एकोणीस वर्षांपूर्वी सिद्धलिंग मालकांनी त्याला बागेसाठी ठेवून घेतलं. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा शिवराज अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना बघतो आणि बायकामुलांसह गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. बंगल्यात नागम्माबाई एकट्या, आणि फाटकाशेजारच्या दोन खोल्यांत रावजी आणि त्याची बायको बजाबाई. बाईंची कोणती गोळी कधी, गॅसचा नंबर कधी लावायचा, कुठल्या पाहुण्याला व्हरांड्यातच बसवायचं आणि कुणाला आत न्यायचं, हे सारं रावजीला न सांगता कळायचं. संध्याकाळी बाई बागेत फिरायला निघाल्या की त्यांच्या उजव्या हातात काठी असे आणि डावा हात रावजीच्या दंडावर. सख्ख्या मुलाच्या वाट्याला न आलेला हा मान आपल्याला मिळतो, असं त्याला मनातून वाटायचं. तो कुणाला बोलून दाखवायचा नाही, पण त्या वेळी फाटकाबाहेरून कुणी ओळखीचं गेलं तर त्याला बरं वाटायचं.

हौद मालकांनी नातवंडांसाठी बांधला होता. तीन उन्हाळे पोरं पोहली, मग मोठी झाली. पंप जाम झाला, मालक गेले, आणि पाण्यात निंबाचा पाला आणि चिंचेच्या शेंगा कुजत राहिल्या. डास होऊ नयेत म्हणून मलेरिया खात्याच्या माणसांनी त्यात गप्पी मासे सोडले होते. रावजी त्यांना भाकरीचा चुरा टाकायचा. हा हौद मातीनं भरून घ्यावा आणि तिथं मोगऱ्याचा वाफा करावा, असं त्यानं बाईंना दोनदा सुचवलं होतं. बाई "बघू" म्हणाल्या होत्या, आणि बाईंचं "बघू" म्हणजे बहुतेक वेळा "हो" असायचं.

पण फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्यांचे गुडघे दाबून बघितले आणि सांगितलं, कमरेइतक्या पाण्यात रोज अर्धा तास चाला. सार्वजनिक तलावावर चारचौघांत जायला बाई तयार नव्हत्या. शिवराजनं हायवेवरच्या एका हॉटेलात चौकशी केली. तिथला तलाव सांभाळणारी बाई सकाळी फावल्या वेळात यायला कबूल झाली. तीच ही दानेश्वरी.

रावजी ज्याला हौद म्हणायचा त्याला बाई टँक म्हणत आणि दानेश्वरी पूल. तिनं आल्या दिवशी पंपघर उघडायला सांगितलं तेव्हा रावजीनं तिला स्वच्छ सांगून टाकलं, "हे बघा, मला परस्पर कायबी सांगायचं न्हाय. बाईसाहेबांना सांगा. त्या मला सांगतील."

"बरं की," ती म्हणाली, आणि थेट व्हरांड्यात जाऊन बाईंना हाक मारली, "अव्वा."

एकोणीस वर्षांत रावजीनं त्यांना बाईसाहेब सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. ह्या बाईनं पहिल्याच सकाळी अव्वा, म्हणजे आई, म्हटलं, आणि वर पुढचं सगळं कानडीत. नागम्माबाईंचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, सीमेवर. मालक होते तोवर घरात कानडी चालायची. नातवंडांना ती येत नव्हती. दानेश्वरी वळसंगची, घरची भाषा कानडीच. नऊ वर्षं माळ्यावर पडलेली भांडी कुणीतरी खाली उतरवून घासायला घ्यावीत तशा बाई बोलायला लागल्या. रावजीला पाण्याला नीरु आणि जेवणाला ऊटा म्हणतात एवढंच कळायचं. तो दूर वाफ्यात वाकून तण काढत राहिला. बाई हसताना तोंडावर पदर घेतात, हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"काय बोलत्यात गं त्या एवढं?" जेवताना त्यानं बजाबाईला विचारलं.

"मला काय ठावं? बोलू द्या की. तुमचं काय जातंय?"

"माझं काय जायचंय."

"मग जेवा."

दानेश्वरी रोज हॉटेलात जायच्या आधी अडीच तास काम करी. पाणी उपसण्याआधी तिनं गप्पी मासे जाळीनं टिपून बादलीत घेतले आणि बाईंमार्फत विचारलं, रावजींना हे कुठं सोडलेले आवडतील. रावजी भांडणाच्या तयारीत होता. ही मासे मारणार, आणि आपण तिला चार शब्द ऐकवणार, हे त्यानं मनाशी ठरवून ठेवलेलं. आता ते शब्द वाया गेले. त्यानं नळाजवळच्या जुन्या दगडी दोणीकडे हात केला.

तळातला गाळ गुडघाभर निघाला. पाटीपाटीनं तो वर काढताना ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही असं, "ह्याच्यासारखं खत पैसे देऊन मिळत न्हाय." रावजीला ते पटलं होतं. ती गेल्यावर त्यानं सगळा गाळ फाटकाजवळच्या मोगऱ्याच्या बुंध्यांना नेऊन घातला.

बजाबाई तिला आठ वाजता चहा द्यायला लागली होती, आणि चहाबरोबर तिची सारी हकीकत घेऊन घरी येत होती. दानेश्वरीचा बाप विहिरीतला गाळ काढायचा. वळसंगच्या पंचक्रोशीत अशी विहीर नव्हती की ज्यात तो उतरला नव्हता. नवरा टॉवेलच्या मागावर, दुसऱ्या पाळीत. ही हॉटेलात खोल्या झाडायला लागली. तलाव बघणारा माणूस एक दिवस न सांगताच निघून गेला, मॅनेजरनं विचारलं, पाण्याला कोण भीत नाही, आणि हिनं हात वर केला. औषधांची नावं डब्यावरून पाठ केली. कुठलं किती टाकायचं हे चुकत चुकत शिकली. एकदा डोळे महिनाभर लाल होते.

"लई सोसलंय हो तिनं," बजाबाई म्हणाली.

"आमी काय गादीवर लोळलो?"

"तुमाला कोन म्हनलं?"

अकराव्या दिवशी हौद रिकामा, कोरडा आणि निळा झाला. फरशीवरचा क्षार तिनं तोंडाला फडकं बांधून ॲसिडनं घासून काढला होता. पंपाला जोडलेल्या गाळणीतली जुनी वाळू काढून नवी भरली. शिवराजनं पंप दुरुस्त करून दिला. आता पाणी भरायचं. नळाचं पाणी चार-पाच दिवसांतून एकदा यायचं, ते पिण्यापुरतं. भरायचं ते बोअरचंच.

पाण्याबद्दल तिची एक रीत होती, बापाकडून आलेली. जे पाणी ज्यानं वर्षानुवर्षं वापरलं त्याला ते विचारायचं. तिच्या पेटीत क्लोरीन तपासायची बाटली होती, पाण्यातलं लोखंड तपासायची नव्हती. म्हणून रावजीनं घालून दिलेला नियम तिनं त्या दिवशी एकदाच मोडला आणि सरळ त्याच्यापाशी आली.

"काका, बोअरचं पाणी कसलं हाय? काही दोष?"

रावजी कुंडीतली माती हलवत होता. त्या पाण्यात पांढरं कापड तीन वेळा धुतलं की चहाच्या रंगावर जातं, हे त्याला एकोणीस वर्षांपासून माहीत होतं. बोअरच्या नळाखाली काळी शहाबादी फरशी होती, तिच्यावर तांबूसपणा दिसत नव्हता. व्हरांड्यात बाई तिच्यासाठी डिशमध्ये काहीतरी झाकून ठेवत होत्या. त्या डिशकडे रावजीचं लक्ष होतं.

"एवढी झाडं जगत्यात की त्याच्यावर," तो म्हणाला.

"मग झालं तर."

हौद भरायला अडीच दिवस लागले. तळापर्यंत आरपार दिसणारं, आभाळासारखं निळं पाणी. शिवराज येऊन फोटो काढून गेला. त्या संध्याकाळी दानेश्वरी मुद्दाम आली, क्लोरीन विरघळवून सगळीकडे ओतलं आणि पंप रात्रभर चालू ठेवायला बाईंना सांगून गेली. बाईंनी ते रावजीला सांगितलं.

सकाळी साडेसहाला बाई तयार होऊन आल्या. पाण्यात चालण्यासाठी जाड सुती कापडाचा पायघोळ झगा शिवून घेतला होता, खांद्यावर आपल्याच कारखान्याचा पांढरा टॉवेल. काठावर येऊन त्या थांबल्या. हौदात कोरा चहा भरला होता. पहिली पायरी दिसत होती, दुसरी नाही.

आधीच येऊन थांबलेली दानेश्वरी काठाशी वाकली. तिनं ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. बाईंच्या खांद्यावरचा टॉवेल मागून घेतला, त्याचं टोक बुडवून पिळलं आणि उजेडाकडे धरलं. मग वळून बाईंशी कानडीत बरंच काही बोलली. त्यात रावजीला दोनदा नीरु ऐकू आलं आणि दोनदा आपलं नाव. बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

रावजीचा धीर सुटला.

"बाईसाहेब, मी खोटं न्हाय बोललो," तो म्हणाला. "तिनं इचारलं, पानी कसलं हाय. मी म्हनलो, झाडं जगत्यात. जगत्यात का न्हाय? डागाचं तिनं इचारलंच न्हाय, मी कशाला..."

तो मध्येच थांबला. बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना काही कळलेलंच नव्हतं.

"कसले डाग?" बाईंनी विचारलं.

रावजी काठावरचा पाला पायानं सारायला लागला.

"रावजी, ती म्हणत होती, रावजीला सांगा मोटर बंद करू नको म्हणून. आणि रावजीकडं जुनी पांढरी कापडं असली तर मागा म्हणून. तू तिला सरळ बोलू देत नाहीस, म्हणून मला सांगत होती. एवढंच." त्यांनी हौदाकडे बघितलं. "आता डागाचं सांग."

"पडत्यात," रावजी पायाकडे बघत म्हणाला. "पांढरं कापड तीन धुन्यांत चहागत हुतंय."

"मग इतकी वर्षं माझी पातळं बजाबाई कुठल्या पाण्यात धुते?"

"नळाच्या. मीच सांगितलंया तिला. तुमची पातळं बोअरच्या पान्यात घालायची न्हाईत."

बाईंनी अंगावरचा झगा चिमटीत धरून बघितला. मग म्हणाल्या, "माझ्या पातळाला जपलंस. आणि मला मात्र ह्यात उतरवायला निघाला होतास."

दानेश्वरी टॉवेल पिळत उभी होती. ती चिडलेली होती आणि तिनं ते लपवलं नाही. "माझीबी चूक हाय, अव्वा. क्लोरीन पडलं की पाण्यातलं लोखंड असं तांबडं होऊन उतरतं. आधी फडकं भिजवून बघायला पाहिजे होतं. माझा अप्पा असता तर मला शिव्या घातल्या असत्या." मग रावजीकडे वळून म्हणाली, "पण काका, गाळ मोगऱ्याला नेला तवा मी गोड वाटले की. पंधरा दिवसांचं काम हाय माझं ह्यात. तुमचं एका शब्दाचं होतं."

त्या संध्याकाळी बाई फिरायला निघाल्या तेव्हा रावजी नेहमीसारखा पायऱ्यांशी जाऊन उभा राहिला. बाईंनी काठी घेतली, दुसऱ्या हातानं कठडा धरला, एकेक पायरी उतरल्या आणि त्याच्या शेजारून पुढं गेल्या. कण्हेरीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. रोज त्या चिंचेपर्यंत जात.

"हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं," रावजी घरी येऊन म्हणाला.

"मग तसं सांगू का त्यांना?" बजाबाईनं विचारलं. तिनं ताट वाढलं. "अहो, ती अडीच तासांनी जाती. तुमी इथंच असता. कुणी कुणाचा हेवा करायचा, सांगा बरं."

त्याला ते उत्तर पटलं नाही. इथंच असलेल्या माणसाकडे बघून कुणी पदराआड हसत नाही, हे त्याला बजाबाईला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दानेश्वरीनं तुरटीचे खडे दळून आणले होते. ती पाण्यात फिरवून तिनं पंप बंद केला. रावजी येऊन तिच्यामागं उभा राहिला.

"माझ्याकडं काय काम हाय?"

"मला इचारताय? अव्वांना सांगू का, त्या तुमाला सांगतील."

"ऱ्हाऊ द्या आता. सांगा."

तिनं सांगितलं. एक दिवस पाण्याला हात लावायचा नाही. सगळी तांबडी माती तळाशी बसली की लांब नळीनं ती हळूहळू ओढून बाहेर काढायची. ते पाणी झाडांना नको. मग रावजीनं कुंपणाच्या कडेनं, जिथं काही लावलेलं नव्हतं, तिथपर्यंत चर खणला. तिथला उतार त्यालाच ठाऊक होता. त्यानं चर जिथून नेला ते बघून दानेश्वरीनं आपलं मत गिळलं आणि मान डोलावली. तिला काहीतरी माहीत नव्हतं, ह्याचा त्याला त्या दिवशी दुपारपर्यंत आनंद पुरला.

शिवराजनं कारखान्यातून बाद झालेल्या टॉवेलांचा गठ्ठा पाठवला. गाळणीतून पाणी परत हौदात पडायचं त्या तोंडाला चौपदरी टॉवेल बांधायचे आणि तांबडे झाले की बदलायचे. धुणं रावजीकडे. एकेक टॉवेल विटकरीच्या रंगाचा निघायचा. दगडावर आपटताना तो मनात म्हणायचा, हे सगळं रोज माझ्या झाडांच्या पोटात जात होतं, आणि मी त्याला चांगलं म्हणालो.

नळी फिरवायचं काम मात्र अवघड होतं. घाई झाली की तळ ढवळायचा आणि तांबडा ढग वर यायचा.

"हळू, काका. कुळव न्हाय धरलेला."

"तुमी धरा मग."

तिनं धरली. आरतीचं ताट ओवाळावं तशी नळी तळावरून फिरली आणि मागं निळ्या फरशीचा पट्टा उघडा पडत गेला. रावजीनं पुन्हा मागून घेतली. तिसऱ्या दिवशी त्याला ते जमायला लागलं. त्याला पाऊण तास लागायचा तिथं तिला वीस मिनिटं. तो तिच्या मनगटाकडे बघत राहायचा, ते किती कमी हलतं ते. शिकावं म्हणूनही बघायचा आणि कुठं चुकतं का ते सापडावं म्हणूनही.

पाचव्या दिवशी सकाळी पाणी स्वच्छ झालं. दानेश्वरीनं तळाशी एक रुपयाचं नाणं टाकलं आणि काठावरून रावजीला विचारलं, "छापा का काटा?" त्याला दिसलं. "काटा," तो म्हणाला.

बाई पाण्यात उतरल्या. दानेश्वरी आधीच आत उभी होती. तिनं बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि उलट्या पावलांनी मागं मागं सरकायला लागली. पाणी बाईंच्या कमरेपर्यंत आलं. त्यांचा झगा फुगून वर आला, त्यांनी एक हात सोडवून तो दाबला आणि कानडीत काहीतरी म्हणाल्या. दानेश्वरी हसली. बाईही हसल्या, आणि अंगावर पदर नव्हता म्हणून तोंड न झाकता हसल्या.

रावजी काठावर टॉवेल घेऊन उभा होता. आपण ह्या पाण्यासाठी पाच दिवस राबलो, आता तरी छातीतलं हे दुखणं जाईल असं त्याला वाटलं होतं. ते गेलं नाही. ते हात, ते बोलणं, सगळं त्याला पहिल्या दिवसाइतकंच लागलं. फरक एवढाच की ह्या वेळी तो मान वळवून वाफ्यात गेला नाही. तिथंच थांबला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून फेऱ्या मोजत राहिला.

"रावजी," बाईंनी पाण्यातून हाक मारली. गेल्या पाच दिवसांतली पहिली. "'किती झाल्या गं?' असं हिला विचारते तर ही विसरली. तुला ठाऊक आहे?"

"सात. ही आठवी."

"मोजत होतास?"

"व्हय."

"मग रोज तूच मोज. आणि पाणीपण तूच बघायचंस. ही काही रोज येणार नाही, हिला हॉटेल आहे." त्या वळल्या, पाण्यात सावकाश, एका पायावर भार देऊन. "दानेश्वरी, त्याला ते बाटलीतलं शिकव. आणि रावजी, रंग असेल तो सांगायचा. खोटा सांगितलास तर माझ्या गुडघ्यांना कळेल."

दानेश्वरीनं त्याला काठावर बसवून शिकवलं. बारीक नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग पेटीतल्या कार्डावरच्या रंगांशी जुळवायचा. रावजीनं चष्मा लावला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा त्यानं एक रंग दाखवला, ती म्हणाली त्याच्या शेजारचा, आणि दोघांची जुंपली. शेवटी बाईंना विचारलं. बाई रावजीच्या बाजूनं बोलल्या. दानेश्वरी म्हणाली, "अव्वा, तुमचा चष्मा आत राहिलाय," पण तिनं वाद वाढवला नाही.

बाई आता रोज सोळा फेऱ्या मारतात. संध्याकाळी चिंचेपर्यंत जातात. पायऱ्या उतरताना कधी कठडा धरतात, कधी रावजीचा दंड, आणि कुठल्या दिवशी काय, ह्याचा अंदाज रावजीला अजून येत नाही. हौदावर कानडी चालू झाली की तो पंपघरात काहीतरी काम काढतो.

दानेश्वरीनं जूनमध्ये हॉटेलची नोकरी सोडली. सध्या तिच्याकडे गावातले सहा पूल सांभाळायला आहेत, आणि नागम्माबाईंच्या बंगल्यावर ती बुधवारी आणि शनिवारी सकाळी सात वाजता येते.